एव्हरेज पडलंय? आधी चाकं बघा, मग पंप
वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला सातारा-सांगली भागातून आलेली बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत: जुनी पिकअप, डिझेल जास्त खाते. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. काही उत्तरं एकमेकांना जोडून आहेत, तेव्हा आपलंच तेवढं वाचून पान उलटू नका.

प्रश्न : २००९ सालची बोलेरो पिकअप आहे, साध्या पंपाची (कंप्युटर नसलेला, यांत्रिक डिझेल पंप). बेदाण्याचे बॉक्स घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात रोजची फेरी. पूर्वी लिटरला १३ मिळायचं, आता साडेनऊवर आलंय. धूर विशेष नाही, ओढायलाही गाडी बरी आहे. पण सपाटीला जड वाटते, ॲक्सिलेटर सोडला की लगेच मंदावते. मिस्त्री म्हणतो पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल खोलू. खोलू द्यावं का?
(तासगाव)

नको. निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तेराच्या हिशोबाने शंभर किलोमीटरला ७.७ लिटर लागायचं, आता साडेदहा लागतंय. म्हणजे दर शंभर किलोमीटरला पावणेतीन लिटर जादा. एवढं डिझेल खराब नोझलमुळे अर्धवट जळून वाया जात असतं तर धुरातून दिसलं असतं. मागच्या दुचाकीवाल्याने शिव्या घातल्या असत्या. पंपाचं टायमिंग मागे गेलं तर धूर फारसा न दिसताही डिझेल जास्त लागतं, पण मग गाडी ओढत नाही. तुमची ओढतेय. धूर नाही, ताकद आहे आणि सोडली की मंदावते, यावरून इंजिन आपलं काम करतंय आणि ती ताकद चाकांपाशी घासून संपतेय, असा अंदाज निघतो. आधी ब्रेक आणि बेअरिंग बघा.

त्याआधी मोजमाप एकदा नीट करून घ्या. पाचशे रुपयांचं डिझेल टाकून काटा बघत काढलेलं एव्हरेज म्हणजे नुसता अंदाज. टाकी फुल करा, पेट्रोल पंपावरची भरायची नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबा, वरून रेटून भरू नका. किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीच्या कामावर ३०० ते ४०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, त्याच जागी, गाडी त्याच दिशेने उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधे टायर बदलले असतील तर तेही हिशोबात धरा. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले की चाकाचा घेर सुमारे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. गाडी १०४ किलोमीटर जाते आणि मीटर १०० दाखवतं. खरं एव्हरेज साडेबारा असलं तरी वहीत बारा येतं. मीटर खरा की खोटा हे हायवेवर दहा किलोमीटरचे दगड मोजून कळतं.

आता ब्रेक. माल उतरवल्यावर आठ-दहा किलोमीटर अशी चालवा की ब्रेक जवळजवळ लागूच नये, आणि शेवटी गिअर उतरवत हळूच थांबवा. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एखादंच चाक तापलेलं असेल तर चोर सापडला. चारही तापली असतील तर दोष मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलमागे ब्रेकचा दाब तयार करणाऱ्या भागाकडे.

तापलेलं चाक जॅकवर उचला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. ठोकळे लावा, दुसऱ्या चाकांना उटी लावा. मागचं चाक असेल तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. चाक हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. डिझेल वाचवायच्या साऱ्या खटाटोपात इतकी सोपी आणि इतकी नेमकी दुसरी तपासणी नाही:

निपल सोडल्यावर थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकून राहतोय. हे एकाच चाकापुरतं असेल तर त्या चाकाचा रबरी होज आतून फुगलाय. बाहेरून तो नवा दिसतो, पण आतून भोक बारीक झालेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत यायला मात्र वाट नसते. सगळ्याच चाकांना हे होत असेल तर ब्रेक पेडलला मोकळी चाल आहे का बघा. पुश रॉड पिस्टनला कायम टेकलेला राहिला की ऑइल मागे वळायचं बारीक भोक झाकलं जातं, आणि ऑइल तापेल तसे ब्रेक आपोआप लागत जातात. सकाळी गाडी हलकी, दुपारी जड असं वाटतं ते यामुळे.

निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर अडकलंय ते लोखंड. पुढे कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लायडर पिन गंजलेली असते. मागे व्हील सिलिंडर किंवा हँडब्रेकची केबल. आपल्याकडे केबलच जास्त. पावसाळ्यातला शेतरस्त्याचा चिखल केबलच्या आवरणात शिरतो आणि हिवाळ्यात वाळून घट्ट बसतो. हँडब्रेकचा दांडा खाली येतो, ड्रमच्या आतला लिव्हर मात्र मागे येत नाही. अशी केबल तेल सोडून आठवडाभर चालते, मग पुन्हा अडकते. बदलूनच टाका.

ब्रेक निर्दोष निघाले तर हब बघा. ग्रीस भरताना टेपर बेअरिंगचं नट जास्त आवळलं गेलं की हेच सगळं घडतं, फक्त तेव्हा ड्रमपेक्षा हबची टोपी जास्त तापते. मग टायरची हवा: दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेली, सकाळी गाडी गार असताना, पुढची वेगळी आणि मागची भरलेल्या मालाप्रमाणे वेगळी. क्लच घसरतोय का हे बघायला हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. गुरगुरत राहिलं तर प्लेट गेली. हे वारंवार करून बघू नका, उरलेली प्लेटही जाईल.

दुरुस्तीचा फरक पडला का हे आधी-नंतर ताडून बघता येतं. रिकामी गाडी, सपाट मोकळा रस्ता, ताशी ४० ला न्यूट्रल करून २० पर्यंत येईस्तोवर किती लांब जाते ते दोन्ही दिशांनी बघा. एवढं सगळं करून एव्हरेज हललं नाही तरच पंपवाल्याकडे जा.

प्रश्न : वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला किराणा पोचवतो, येताना स्ट्रॉबेरी. पसरणी घाट उतरताना न्यूट्रल मारली तर डिझेल वाचतं असं सगळेच सांगतात. खरं किती?
(वाई)

उलट जास्त लागतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. साध्या पंपाचा गव्हर्नर अशा वेळी डिझेल बंद करतो, कॉमन रेल गाडीत (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नवी पद्धत) तेच काम कंप्युटर करतो. इंजिन आयडलिंगच्या जवळ येईपर्यंत नोझलमधून थेंब पडत नाही. न्यूट्रल केली की मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, आणि अडीच लिटरचं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर खातं.

किल्ली बंद करून उतरणारेही आहेत. ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाब मिळतात, नंतर पेडल दगडासारखं. पॉवर स्टिअरिंगही जातं. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ड्रमवर येतो. ते तापले की लायनरची पकड सुटते आणि नेमक्या खालच्या वळणावर गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला. आता तापत नाही, पण काटाही कधी वर चढत नाही आणि एव्हरेज १२ वरून साडेदहावर आलंय. दोन्हींचा संबंध आहे का?
(जत)

आहे. थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडची सर्वात लाडकी आणि सर्वात महाग पडणारी दुरुस्ती. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं आणि ठरलेल्या तापमानाला वाट मोकळी करणं हे त्याचं काम. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. इंजिन ५०-६० अंशांवर रेंगाळतं. सिलिंडरच्या गार भिंती जळणाची उष्णता शोषून घेतात, ऑइल दाट राहून घर्षण वाढतं, डिझेलचा काही भाग न जळता भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. एव्हरेज जातंच, लायनर-रिंगाही लवकर झिजतात. डिपस्टिकवर ऑइल पातळ होऊन पातळी वर सरकलेली दिसली तर ऑइल ताबडतोब बदला.

काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरंच पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहतं आणि चढाला गाडी आणखी तापते. म्हणजे ज्यासाठी काढला तेही साधत नाही.

नवा थर्मोस्टॅट तुमच्या इंजिनाचाच घ्या. तापमानाचा आकडा त्यावर कोरलेला असतो, बहुतेकांवर ८२ च्या आसपास. बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी तापत ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या आगेमागे तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत सात-आठ मिलिमीटर तोंड उघडलं पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. बसवताना नवी गॅस्केट लावा, हलती छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. सकाळी गाडी चालू करून रेडिएटरचा वरचा होज हाताला कसा लागतो ते बघा: काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम झाला तर काम बरोबर. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

पण गाडी मुळात तापत का होती हे शोधल्याशिवाय तो बसवला तर पुन्हा तीच पाळी येईल. जतकडे बोअरच्या पाण्याने घागरीला जे पांढरं किटण धरतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत धरतं. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या, पुन्हा बोअरचं पाणी घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बाहेरून जाळीत धूळ आणि किडे भरलेले असतात, ते आतल्या बाजूने बाहेर पाण्याची धार मारून काढा, धार जोरात नको, पत्रे दुमडतात. कॅपचं रबर आणि स्प्रिंग तपासा. कॅप गरम असताना उघडू नका. पंखा व्हिस्कस कपलिंगचा (इंजिन तापलं तरच पूर्ण वेगाने फिरणारा) असेल आणि गाडी तापते म्हणून कुणी तो नटबोल्टने जाम केला असेल तर तोही एव्हरेज खातो. गार इंजिनावर, वेगात, पंख्याचा घोंघाट सतत येत असेल तर हीच शंका धरा.

प्रश्न : पंपवाला माप मारतोय असा संशय आहे. बारावरून दहावर आलोय. कसं पकडायचं?
(कराड)

पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं. ते मागा आणि त्यात तुमच्यासमोर पाच लिटर भरायला सांगा. ग्राहकाला तो हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे कमी आलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा. मात्र २५ मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्का. तुमची घट सतरा टक्क्यांच्या जवळ आहे. एवढं माप मारणारा पंप एका मापात उघडा पडेल. माप बरोबर निघालं तर गाडीखाली वाका. टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी, आणि नोझलवरून परत जाणारे बारीक रबरी पाइप बघा. ते कडक होऊन तडकतात आणि गाडी चालू असतानाच पाझरतात. गरम इंजिनावर डिझेल वाळून जातं, खाली थेंब दिसत नाही. संशयाची जागा पुसून तिथे टाल्कम पावडर मारा आणि फेरी करून या. ओला माग उमटेल. रात्री टाकीच्या झाकणाला कुलूप असतं ना, तेही बघा.

प्रश्न : कोंबड्यांच्या जाळ्या दोन मजली लावतो म्हणून मागच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला. तेव्हापासून टायर एका बाजूने खातात, गाडी ओढल्यासारखी वाटते, डिझेलही वाढलं. अलाइनमेंट दोनदा केली.
(विटा)

अलाइनमेंटवाल्याने फक्त पुढचा टो-इन (पुढची चाकं आत किती वळलेली आहेत ते) बघितला असणार. तुमचा दोष मागे असावा. पाट्यांची कमान खोलताना सेंटर बोल्ट बदलला जातो. तो बारीक बसला किंवा तुटला, किंवा यू-बोल्ट पुन्हा आवळायचे राहिले, की मागचा एक्सल एका बाजूने सरकतो. गाडी मग तिरकी चालते. पुढची चाकं सरळ ठेवायला तुम्ही स्टिअरिंग जरा वळवून धरता, आणि चारही टायर रस्त्यावर आडवे घासतात.

तपासायला ओळंबा आणि टेप पुरे. सपाट फरशीवर स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी उभी करा. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यावरून ओळंबा सोडून खाली खडूने खूण करा. डाव्या बाजूच्या दोन खुणांमधलं अंतर आणि उजव्या बाजूचं अंतर मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सेंटर बोल्ट खोलून बघा. टेपही नको असेल तर ओल्या जागेवरून गाडी सरळ काढा आणि मागे जाऊन टायरचे ठसे बघा. मागचे ठसे एका बाजूला सरकलेले दिसतील.

आणखी एक, आणि हे डिझेलपेक्षा महत्त्वाचं. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला सळईने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती दबलाय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटा वाढवला की गाडी भरलेली असूनही मागून उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्या सळईचं सेटिंग करून घ्या. जाळ्यांच्या उंचीचं म्हणाल तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० ऐवजी ८० ने गेलात की पावणेदोन पट. दोन मजली जाळ्या घेऊन हायवेला ६० धरा, तेवढ्याने जो फरक पडेल तो कुठल्याही ट्यूनिंगने पडणार नाही.

प्रश्न : बेकरीच्या मालासाठी जुनी ओम्नी आहे, पेट्रोल. पंधराची बारावर आली. इथेनॉलमुळे का?
(फलटण)

थोडी. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. दहा टक्क्यांवरून वीस टक्के मिश्रणावर गेल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट हिशोबात येते, म्हणजे पंधराचे साडेचौदा. उरलेले अडीच किलोमीटर उसावर ढकलू नका. प्लग, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर क्रमाने तपासा. हा शेवटचा बिघडून इंजिन कायम गार असल्याचं सांगू लागला की पेट्रोल जास्त सोडलं जातं. जतच्या पत्रातला थर्मोस्टॅट इथेही लागू. पेट्रोलचे जुने रबरी पाइप चिकट किंवा भेगाळलेले दिसले तर इथेनॉल चालणारे नवे टाका.

प्रश्न : २०१८ ची कॉमन रेल पिकअप. चढाला काळा धूर, ताकद कमी, एव्हरेज दोनने कमी. चारही इंजेक्टर बदला म्हणतात. खर्च झेपणार नाही.
(मिरज)

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी हवा शोधा, ते फुकटात होतं. एअर फिल्टर काढून आत दिवा धरा. उजेड दिसला नाही तर बदला. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारून कागद फाटतो, आणि हळद किंवा शेतरस्त्याची धूळ थेट टर्बोत जाते. मारायचीच तर आतून बाहेर, लांबून. आतला छोटा सेफ्टी फिल्टर असेल तर त्याला हवा मारायचीच नाही. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज हाताने चाचपून बघा. क्लिपजवळ ओलसर काळं ऑइल आणि चढाला शिट्टीसारखा आवाज असेल तर तिथून हवा सुटतेय. तिसरं ईजीआर, म्हणजे थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह: काजळी धरून उघडाच अडकला की जळलेला धूरच पुन्हा इंजिनात जात राहतो. खोलून साफ करता येतो. पत्री लावून बंद करू नका, इंजिनाचा दिवा पेटेल आणि पीयूसीलाही अडचण येईल.

एवढ्यावर धूर गेला नाही तर रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरचे परतीचे पाइप सोडून एकसारख्या चार बाटल्यांत घ्यायचे, इंजिन गरम करून पाच मिनिटं आयडलिंगला ठेवायचं. चार बाटल्यांत जवळपास सारखंच डिझेल आलं पाहिजे. एकीत इतरांच्या दुप्पट आलं तर तो एकच इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवा, चारही नाही. परतीच्या पाइपांना दाब नसतो, तिथे हात लावायला हरकत नाही. पण रेलपासून इंजेक्टरकडे जाणारी लोखंडी नळी चालू इंजिनावर कोणत्याही कारणाने सैल करू नका. त्यातला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टर काढला तर खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. आणि नवा किंवा दुरुस्त इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड असेल तर तो स्कॅनरने कंप्युटरमध्ये भरून घ्या, नाहीतर आयडलिंग खडखडत राहील आणि तुम्ही पुन्हा पत्र पाठवाल.